जोगळेकरांचं मस्टर

जोगळेकर काका एटीएममध्ये छत्री उघडतात. बाहेर चैत्राचं ऊन असो, आभाळात ढगाचं नाव नसो, नाक्यावरच्या त्या काचेच्या खोलीत ते शिरले की 'फट्' असा आवाज येतो आणि लाकडी मुठीची काळी छत्री उघडते. रांगेतल्या लोकांना मग फक्त छत्री दिसते आणि तिच्याखाली दोन चपला. पिन नंबर कुणी पाहू नये म्हणून हा बंदोबस्त. वॉचमनने एकदा हरकत घेतली, तेव्हा काकांनी त्यालाच विचारलं, "तुमचं इथे काम काय?"

"सिक्युरिटी," तो म्हणाला.

"मग तुमचंच काम करतोय मी. आभार माना."

हे आमचे शेजारी. जुन्या पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर आहे. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. काकांबद्दल लिहायला बसले तेव्हा चार मजेशीर गोष्टी सांगायच्या आणि उठायचं असं ठरवलं होतं. बघते किती जमतं ते.

काका पाताळगंगेच्या काठी, आपट्याच्या पुढे, एका केमिकल कारखान्यात टाइमकीपर होते. तीस वर्षं त्यांनी गेटवर बसून माणसं मोजली. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, कुणाच्या डब्यात जाताना भाजीऐवजी तांब्याची तार होती, सगळं त्यांच्या मस्टरमध्ये. एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान. कामगार एकमेकांची हजेरी लावतात, म्हणजे न आलेल्या मित्राचं कार्ड दुसराच पंच करतो, हे सगळ्या कारखान्यांत चालतं. काकांच्या गेटवर चाललं नाही. "तीस वर्षांत दुसऱ्याचं कार्ड पंच करून मला एकजण फसवू शकला नाही," ते सांगत. "प्रत्येक माणसाची यायची एक वेळ असते, ताई. ती दुसऱ्याला जमत नाही."

कारखान्याने गाशा गुंडाळला आणि काका घरी आले. पण गेट डोक्यातून गेलं नाही. घरात कॉम्प्युटर आला होताच, त्यांनी ते गेट त्याच्या दाराशी नेऊन ठेवलं. आमचे हे एकदा पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्याकडे प्रिंट काढायला गेले.

"गेटपास?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हा कुठून आला? त्याआधी कुठे होता? कुणाकुणाच्या मशीनमध्ये जाऊन आला?"

"अहो, स्थळ आहे का ते?"

"स्थळ परवडलं. ते निदान चहा पिऊन आपल्या घरी जातं."

ह्यांनाच पुढे परदेशातल्या कुणा विधवेची ईमेल आली. बाई मरणाच्या दारात होती आणि तिला तिची सगळी इस्टेट ह्यांच्या नावे करायची होती. हे दोन दिवस हवेत. काकांनी ईमेल वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "कुलकर्णी, त्या बाईला अख्ख्या जगात तुम्हीच सापडलात? तुमच्या सख्ख्या बहिणीने गेल्या दिवाळीला तुम्हाला साधा फोन केला नाही." बोलणं शंभर टक्के खरं होतं. हे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांचं असंच आहे. ते तुम्हाला खड्ड्यातून वाचवतात, पण वाचवताना कानफटात देतात.

त्यांचे पासवर्ड दर अमावास्येला बदलतात. इतर कुठलीही तारीख माणूस विसरतो, अमावास्या कॅलेंडरवर काळी छापलेली असते, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर ते टिकली लावतात. लाल, मध्यम आकाराची. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं टिकल्यांचं पाकीट अजून संपलेलं नाही. सोसायटीच्या फळ्यावर त्यांची एक सूचना कायम असते: 'पासवर्ड म्हणून मुलांची नावं आणि पुढे एक-दोन-तीन-चार ठेवणाऱ्यांनी घराची किल्ली दारालाच लावून ठेवावी. चोराचे श्रम वाचतील.' फळ्यासमोर थांबून आम्ही सगळे हसायचो आणि वर जाऊन आपापल्या मुलांची नावं टाइप करायचो.

आमच्या शाळेत एकदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि दहावीच्या फॉर्मांची सगळी माहिती गेली. मी रडकुंडीला आले होते. काका न बोलावता आले, मुख्याध्यापकांसमोर मला म्हणाले, "मी सांगितलं होतं," आणि मग सलग चार दिवस माझ्या शेजारी बसून एका बोटाने दोनशे मुलांची नावं टाइप केली. चहा घ्या म्हटलं तर कीबोर्डपाशी चहा आणायचा नाही म्हणाले आणि जिन्यात उभे राहून प्यायले.

पण त्यांचा खरा संताप एकाच गोष्टीवर. पासवर्ड विसरलात तर कॉम्प्युटर एक गुप्त प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आलं की दार उघडायचा. बहुतेकांचा प्रश्न ठरलेला: आईचं माहेरचं आडनाव. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालला असताना काका उभे राहिले. "आईचं माहेरचं आडनाव हे काय गुपित आहे? ज्याच्या बारशाला चार बायका जेवल्या त्याचं हे गुपित संपलं. चोर बाहेरून येत नाही, मंडळी. कारखान्यात नाही आणि घरातही नाही. कडी आतलाच माणूस काढतो."

"मग उत्तर काय द्यायचं?" कुणीतरी चेष्टेने विचारलं.

"खोटं द्यायचं. प्रत्येक ठिकाणी वेगळं खोटं द्यायचं." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. सभा हसली. मी नाही हसले, कारण तो चोर कोण होता हे मला माहीत होतं.

मुग्धा, त्यांची एकुलती एक मुलगी. ती कॉलेजात असताना काकांनी तिच्यासाठी कॉम्प्युटर घेतला. तेव्हा घराला मिळून एक ईमेलचं खातं असायचं, जसा घराला मिळून एक लँडलाइन. जोगळेकरांचंही एकच होतं आणि त्याचा पासवर्ड त्यांच्या स्कूटरचा नंबर. काकूंचे जुने फोटो मुग्धाने बाजारातून स्कॅन करून आणले आणि त्याच खात्यात जपून ठेवले. पुढे काकू गेल्या. मुग्धा मोठी झाली, तिने सायबर कॅफेत जाऊन स्वतःचं वेगळं खातं उघडलं, आणि काकांना वाटलं, हिची आपल्या गेटवर नोंद का नाही?

त्यांनी एका दुपारी तिच्या खात्यावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' वर बोट ठेवलं. कॉम्प्युटरने विचारलं, आईचं माहेरचं आडनाव काय? ज्या घरी ते स्वतः नवरा म्हणून हार घालून गेले होते त्या घराचं आडनाव त्यांनी टाइप केलं. दार उघडलं. आत नितेशची पत्रं होती. नितेश उरणच्या एका कोळ्याचा मुलगा, तिच्याच वर्गातला. काकांनी सगळी पत्रं छापली, एकावर एक लावली आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिच्या ताटाच्या जागी ठेवली.

भिंती पातळ आहेत आमच्या. मला सगळं ऐकू आलं. "पाट्या डोक्यावर घेऊन मासळी विकणाऱ्यांच्या घरात जोगळेकरांची मुलगी जाणार नाही," हे काका म्हणाले. "तुम्ही माझी पत्रं वाचलीत," एवढं एकच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचं भांडण जातीवर आलंच नव्हतं, ते कडी काढण्यावर होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. काकांनी जिन्यात उभं राहून तिला सांगितलं की हे दार आता बंद. आणि मग सगळ्या पनवेलला कुलपं कशी लावायची ते शिकवत सुटले. मला ह्या गोष्टीचा राग होता. अजूनही आहे. एवढं ज्ञान माणसाला आलं ते मुलीच्या जिवावर, आणि एकदाही त्याच्या तोंडून 'चुकलो' निघालं नाही.

नऊ-दहा वर्षं गेली. काकांच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पहिला डोळा आधीच अधू होता. डॉक्टरांनी आठवडाभर कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही असं बजावलं. दिवसातून चार वेळा त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी रजेवर होते; थेंब घालून झाल्यावर ते उठायला तयार होईनात.

"ताई, एक काम आहे. गोपनीय."

घरात आम्ही दोघंच. तरी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि माझ्या कानाशी येऊन एक पासवर्ड सांगितला. तो त्यांच्या जुन्या स्कूटरचा नंबर होता. स्कूटर भंगारात जाऊन पाच वर्षं झाली होती.

"काका! तुमचा पासवर्ड? हा?"

"जुनं खातं आहे. त्यात काही नाही. फक्त उघडा, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. हे खातं याआधी कुठून उघडलं, किती वाजता उघडलं. तेवढी वाचा. बाकी कशाला हात लावू नका."

मी वाचलं. "आज सकाळी नऊ पन्नास. आंध्र प्रदेश."

"नऊ पन्नास," ते म्हणाले. "बरं." आणि आत जाऊन पडले.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं. मी त्या ओळीकडे बघत बसले. आंध्र प्रदेशातला कुणीतरी चोर जोगळेकरांच्या खात्यात शिरलाय आणि जोगळेकरांना पत्ता नाही! काकांनीच शिकवलं होतं: अनोळखी गावाहून कुणी आत आलेलं दिसलं की आधी पासवर्ड बदलायचा, मग विचार करायचा. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. शाळेत सगळ्यांसमोर 'मी सांगितलं होतं' म्हणणाऱ्या माणसाची चूक माझ्या हाती लागली होती. मी पासवर्ड बदलला. बारा अक्षरी, आकडे आणि चिन्हं घातलेला, काकांनी दहापैकी दहा दिले असते असा. 'इतर सगळीकडून बाहेर काढा' असं एक बटण होतं, तेही दाबलं. मग आत जाऊन त्यांना उठवलं आणि सांगितलं.

काका उठून बसले. डोळ्यावर हिरवं फडकं होतं, त्यामुळे चेहरा वाचता येईना.

"किती वाजता बदललात?"

"अकरा वीस."

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"अहो, इतकी वर्षं उघडंच होतं ते!"

"हो. उघडं होतं."

मी घरी येऊन ह्यांना चवीने सगळी हकिकत सांगितली. आम्ही खूप हसलो.

पुढच्या बुधवारी मी मासळी बाजारात गेले. हिराबाई माझी नेहमीची कोळीण. ती नितेशची आई आहे हे मला माहीत होतं, आणि मी जोगळेकरांची शेजारीण आहे हे तिला. त्या विषयावर आम्ही कधी बोलत नसू. मी मांदेली घ्यायची, तिने दोन बोंबील वर टाकायचे, एवढाच आमचा व्यवहार. त्या दिवशी तिने माझ्या पिशवीत काही टाकलं नाही.

"बाय, येक इचारू? म्हातारा आजारी हाय काय?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय. बरे आहेत. का गं?"

"माजी सून तीन दिस रडते तिकडं इशाखापट्टनमला. त्या कंप्युटरमदी तिच्या आयशीचे फोटू हायत. रोज सकाली उगडून बगायची. बाप पन त्येच उगडतो, तर त्याची येल दिसते बोलते. बापानं आज उगडला, म्हंजे बाप बरा हाय. आता उगडत नाय. लिवून येते, चार दिसापूर्वी कुलूप बदलला." हिराबाईने कोयता बाजूला ठेवला. "मी येवडंच बोलतंय, दा वर्सं त्यानं तोंड बगितला नाय, ठीक हाय. पन येवडी येक फट होती, ती कशाला बुजवली?"

तिला मी तिथल्या तिथे सांगितलं की ते मी केलं. तिने कोयता परत उचलला आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मांदेली न घेता मी घरी आले.

घरी आल्या आल्या मी ते खातं उघडलं आणि पासवर्ड परत स्कूटरचा नंबर करायला घेतला. कॉम्प्युटरने नकार दिला. हा पासवर्ड तुम्ही पूर्वी वापरलेला आहे, नवा निवडा. मी पाच वेळा तोच नंबर घातला. पाचही वेळा तेच उत्तर आलं.

समोर जाऊन काकांना सगळं सांगितलं. हिराबाई, मुग्धा, फोटो. ते खुर्चीत बसून ऐकत होते. फडकं निघालं होतं, काळा चष्मा होता.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मस्टर आहे ते, ताई. ती रोज सही करून जाते. आधी गुजरात यायचं, दोन वर्षांपूर्वी आंध्र झालं. म्हणजे जावयाची बंदरावर बदली झाली. आधी रात्रीची वेळ असायची. गेल्या जूनपासून सकाळी नऊ पन्नास. म्हणजे घरात शाळेत जाणारं कुणीतरी आहे. त्याला सोडून आली की बसते." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नितेशला जावई म्हटलेलं मी ऐकलं. "मी सगळे पासवर्ड बदलले. तो एक ठेवला. तिला माहीत असलेला तेवढाच होता."

"मग त्या दिवशी मला ओरडला का नाहीत?"

"कशाबद्दल? मीच शिकवलेलं तुम्ही केलंत."

माझ्या तोंडावर आलं होतं की एक पत्र लिहायचं होतंत, एवढी हजेरी घेत बसण्यापेक्षा. मी गिळलं. त्या दिवशी बोलायचा हक्क मला नव्हता.

काका उठले, कॉम्प्युटरसमोर मला बसवलं आणि म्हणाले, "नवा टाका. हिराबाईंच्या लक्षात राहील असा. त्यांना लिहिता-वाचता येत नाही ना? मुग्धा. पुढे एक, दोन, तीन, चार."

मी वळून बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. मी टाइप केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मासळी बाजारात आले. मी सोबत होते. मुग्धा गेल्यापासून हा माणूस बाजाराच्या बाजूने जाणारा रस्तासुद्धा टाळत होता, स्टँडवर जायला लांबून वळसा घालायचा. काळा चष्मा, हातात बंद छत्री, धोतर नव्हे पण पँटच धोतरासारखी वर धरलेली. ओल्या फरशीवरून एकेक पाऊल टाकत ते हिराबाईसमोर जाऊन उभे राहिले. हिराबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मुग्धा, एक दोन तीन चार," काका म्हणाले.

बाजारात केवढा कालवा! हिराबाईला ऐकू गेलं नाही. "काय बोल्ला, दादा?"

आणि मग एटीएममध्ये छत्री उघडणारे जोगळेकर, कीबोर्डवर पंजा आडवा धरून टाइप करणारे जोगळेकर, भर बाजारात, शंभर माणसांत, मोठ्याने ओरडले, "मुग्धा! एक! दोन! तीन! चार!"

शेजारच्या कोळणीने दचकून हातातली सुरमई खाली ठेवली. दोन गिऱ्हाइकांना वाटलं लिलाव सुरू झाला. हिराबाई पुटपुटत होती, मुग्धा येक दोन तीन चार, मुग्धा येक दोन तीन चार. मग तिचे डोळे भरले. कमरेच्या पिशवीतून तिने मोबाइल काढला.

"दादा, थांबा. फोन लावतंय. तुमीच सांगा तिला. बापाच्या तोंडून आयकू द्या."

काकांनी मोबाइलकडे बघितलं. हात थोडा पुढे आला, मी पाहिला. मग मागे गेला. "नको," ते म्हणाले. "मोबाइलवर पासवर्ड सांगायचा नसतो. कोणी ऐकत असतं." आणि वळून निघाले. एवढा बाजार ओलांडून आलेल्या माणसाला शेवटचं एक पाऊल टाकता आलं नाही. मला तेव्हा त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

फोन लागला. हिराबाईने आधी स्वतः सांगितलं, मग मला दिला.

"मुग्धा, मी कुलकर्णी काकू. ते कुलूप मी बदललं होतं गं. बाबांना पट्टी होती, त्यांनी मला पासवर्ड सांगितला आणि मी..."

"बाबांनी? तुम्हाला पासवर्ड सांगितला?" पलीकडून ती हसली. कडू हसली. "काकू, तुम्ही चांगल्या आहात. सासूबाईसुद्धा चांगल्या आहेत. मला बरं वाटावं म्हणून दोघींनी मिळून ठरवलंत ना?"

"अगं, ते आत्ता इथे आले होते. बाजारात उभं राहून ओरडून सांगितला त्यांनी. तुझं नाव आणि एक दोन तीन चार."

"माझं नाव." ती म्हणाली. "बाबा मासळी बाजारात आले आणि त्यांनी पासवर्ड ओरडून सांगितला. काकू, तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"एकदा उघडून तर बघ."

"नको. परत एकदा 'चुकीचा पासवर्ड' वाचायचं नाहीये मला. आत्तापर्यंत निदान एकदाच वाचलाय."

फोन ठेवला गेला. हिराबाईने नंतर आणखी दोनदा सांगून पाहिलं, नातीच्या डोक्याची शपथ घेतंय म्हणाली. सुनेने तिलाच समजावलं, आई, माझ्यासाठी खोट्या शपथा घेऊ नका. मी माझ्या मोबाइलवरून फोन केला तर ती उचलत नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही तिच्या वडिलांचीच शिकवण.

त्यानंतर काका रोज सकाळी दहाला कॉम्प्युटर लावतात आणि तळाची ओळ वाचतात. महाराष्ट्र, काल सकाळी दहा. महाराष्ट्र, परवा सकाळी दहा. सगळ्या सह्या त्यांच्याच. पासवर्ड त्यांनी बदललेला नाही. दोन अमावास्या गेल्या. अर्ध्या मासळी बाजाराला तो पाठ आहे, आणि जगातल्या कुठल्याही चोराला पहिल्या दमात सुचेल असा आहे, पण चोरसुद्धा फिरकत नाही.

मला ते बघवेना. गेल्या आठवड्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते खातं उघडलं. काही केलं नाही. काकूंचा गणपतीतला एक फोटो पाहिला आणि बंद केलं. म्हटलं, त्यांना दुसऱ्या कुणाची तरी एक ओळ दिसू दे. मन म्हणेल ते त्यांनी समजावं.

संध्याकाळी थेंब घालायला गेले. काका कॉम्प्युटरपाशीच बसले होते.

"ताई, आज सकाळी अकरा पाच. महाराष्ट्र." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शाळेची मधली सुट्टी का?"

मी थेंबांची बाटली हातात घेऊन उभी राहिले. "चुकलं काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"दुसऱ्याचं कार्ड पंच करणाऱ्याला आमच्याकडे पहिल्या वेळी ताकीद द्यायचे. दुसऱ्या वेळी तीन दिवस घरी."

"मग द्या ताकीद."

त्यांनी मान मागे टाकली. मी थेंब घातला. तो डोळ्यात जाऊन गालावर ओघळला, आणि त्याच्या मागोमाग बराच वेळ ओघळत राहिलं, एका थेंबात एवढं पाणी नसतं. मी पुसलं नाही.

"ती नऊ पन्नासला यायची," डोळे मिटूनच ते म्हणाले. "उद्या जमलं तर दहाच्या आत करा."